देव मानत नाही, मग आजीचं समाधान कुठून आणायचं?

प्रश्न : मी 36 वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. आमचं घर माळकऱ्यांचं. आजी दर आषाढीला आळंदीहून पायी पंढरपूरला जायची. परतायची तेव्हा पाय सुजलेले, आवाज बसलेला आणि चेहऱ्यावर असं समाधान, की तसं मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. कॉलेजात असताना माझा देवावरचा विश्वास गेला. कुणाशी भांडून नव्हे. वाचता वाचता, विचार करता करता गेला. त्याचं मला दुःख नाही आणि तो परत यावा असंही वाटत नाही. पण नोकरी, घर, मुलगी, कर्जाचे हप्ते या सगळ्यात एखाद्या रात्री वाटतं, हे सगळं कशासाठी? गेल्या वर्षी वडील गेले. नातेवाईक म्हणाले, ‘त्याची इच्छा.’ त्यांना त्या दोन शब्दांचा आधार झाला, मला झाला नाही. देव न मानणाऱ्या माणसाला आजीसारखं समाधान मिळू शकतं का? दुःखात त्यानं कशाला धरायचं? आणि माझी सात वर्षांची मुलगी ‘आजोबा कुठे गेले?’ असं विचारते, तिला काय सांगू?

– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. तो नीट सुटला, तर उरलेल्या दोन्हींची वाट बरीच मोकळी होते.

आजीला समाधान कशातून मिळत होतं, हे आधी पाहू. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटर. पालखीसोबतच्या प्रत्येक दिंडीचा चालण्याचा क्रम ठरलेला असतो, तिचा विणेकरी असतो, मुक्कामाच्या जागा वर्षानुवर्षांच्या असतात. पहाटे कुणी उठवायचं, चूल कुणी पेटवायची, कुणाच्या डोक्यावर तुळस द्यायची, हे सोबतीतून आपोआप ठरत जातं. दिवसभर चालून अंग आंबतं, पण तोंडात अभंग असतो, त्यामुळे थकवा एकटीचा राहत नाही. घरात जिला दिवसभर कामासाठीच हाक मारली जाते, तिला इथे अनोळखी माणूस वाकून ‘माउली’ म्हणतो. गावोगावचे लोक रस्त्यात उभे राहून जेवू घालतात. वय, जात, पैसा यांचं ओझं काही दिवस तरी हलकं होतं. आणि शेवटी जिथे पोचायचं ते ठिकाण सगळ्यांचं एकच असतं.

यातलं किती विठ्ठलावरच्या श्रद्धेनं आलं आणि किती चालण्यानं, गाण्यानं, सोबतीनं आलं? आजीला असं वेगळं करून दाखवायची गरज नव्हती. तिच्यासाठी ते सगळं मिळून एकच होतं. तुम्हाला मात्र हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण यातला एक भाग तुमच्यापासून सुटला आहे आणि बाकीचा अजून हाताशी आहे.

अमेरिकेतल्या चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांचा अभ्यास 2010 मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. धार्मिक लोक सरासरीनं जास्त समाधानी असतात, हे त्याआधीच अनेकांना आढळलं होतं. या दोघांनी विचारलं, ते कशामुळे? नियमित चर्चला जाणाऱ्यांपैकी ज्यांचे तिथे जिवाभावाचे मित्र होते, ते अधिक समाधानी निघाले. जे तितक्याच नियमानं जात, पण ज्यांची तिथे कुणाशी मैत्री नव्हती, त्यांना तो लाभ दिसला नाही. एकट्यानं केलेली प्रार्थना किंवा देव जवळ असल्याची भावना यांवरून समाधानातला फरक उलगडत नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. आपला धर्म ज्यांना स्वतःच्या ओळखीचा महत्त्वाचा भाग वाटत होता, त्यांना त्या मैत्रीचा लाभ सर्वांत जास्त झाला. म्हणजे नुसती ओळखपाळख पुरत नाही. आपण जे मोलाचं मानतो तेच मोलाचं मानणारी माणसं लागतात. हा अभ्यास अमेरिकेतल्या चर्चचा आहे, त्यामुळे तो जशाचा तसा पंढरीच्या वाटेला लावता येणार नाही. तरी तुमच्या आजीच्या चेहऱ्याचा उलगडा त्यातून बराच होतो असं मला वाटतं.

माझं म्हणणं असं आहे. एखादी गोष्ट मोलाची मानावी, तिच्यासाठी इतरांच्या बरोबरीनं, ठरल्या वेळी, अंग झिजवून काही करत राहावं. समाधान त्यातून येतं. धर्म ही सगळी व्यवस्था तयार करून माणसाच्या हातात देतो. सण ठरलेले, माणसं ठरलेली, गाणी ठरलेली, दुःखात काय करायचं तेही ठरलेलं. धर्म सोडणाऱ्याला ही व्यवस्था स्वतः उभारावी लागते. बहुतेक जण धर्म सोडतात आणि उभारायचं मात्र राहून जातं. मग काही वर्षांनी त्यांना वाटू लागतं की रितेपण देव गेल्यामुळे आलं. माझ्या मते ते देवासोबत माणसंही गेल्यामुळे आलेलं असतं.

आजीकडे असलेली एक गोष्ट मात्र तुम्हाला मिळणार नाही. कुणीतरी आपल्याला पाहतं आहे, आपला हिशोब कुठेतरी मांडला जातो आहे, शेवटी सगळं नीट होणार आहे, हा भरवसा. त्याच्या जागी बसवता येईल असं काही मला माहीत नाही, आणि आहे असं कुणी सांगितलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. या भरवशाशिवाय माणसं जगली आणि समाधानानं जगली, एवढं मात्र नक्की सांगता येतं.

त्यातला एक माणूस तुमच्याच जिल्ह्यातला. गोपाळ गणेश आगरकर 14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. घरी दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं फिरत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले आणि एम. ए. झाले. त्या काळात एम. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीची दारं उघडी होती. त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की मुलगा मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस. पोटापुरत्या पैशात भागवून सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवायचं मी ठरवलं आहे. या पत्राची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. पण त्या निश्चयामागे स्वर्गाची, पुण्याची किंवा मोक्षाची अपेक्षा नव्हती, हे फारसं कुणी सांगत नाही. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून घडले होते, अज्ञेयवादी होते. देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी जन्मली असावी, यावर त्यांनी ‘देवतोत्पत्ती’ हा निबंध लिहिला.

तरुणपणचा निश्चय टिकत नाही, असा आपला अनुभव असतो. आगरकरांचा टिकला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणं, ‘केसरी’चं संपादकपद, कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस, तिथे असतानाही लेखन-वाचन, सुटल्यावर त्या दिवसांवर पुस्तक. पुढे टिळकांशी मतभेद झाले, ‘केसरी’ सुटला, तर 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. विधवांचं केशवपन, बालविवाह, मुलींचं शिक्षण, या प्रत्येक विषयावर ते लिहीत राहिले. सनातनी मंडळींनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दमा तर आयुष्यभराचा सोबती. 1892 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 17 जून 1895 रोजी, वयाची 39 वर्षं पूर्ण होण्याआधी, गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगितलं जातं.

ते सुखी होते का? सुखाचा अर्थ आराम असा असेल तर नव्हते. पण ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न त्यांना छळत होता असं त्यांचं लेखन वाचताना कुठेही जाणवत नाही. उत्तर रोज समोर होतं. वर्गात मुलं होती, आठवड्याचा अंक होता, ज्यांच्यासाठी लिहायचं त्या मुली आणि विधवा शेजारच्या घरांमध्येच होत्या. आणि ते एकटे नव्हते, हेही ध्यानात घ्या. शाळा, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन, ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू सांभाळणारे गोपाळ कृष्ण गोखले, असं माणसांचं जाळं त्यांच्याभोवती होतं. समाजानं वाळीत टाकल्यासारखं वागवलेल्या माणसाला त्या जाळ्यानं तगवलं.

त्यांच्या घरातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. पत्नी यशोदाबाई आपल्या श्रद्धेप्रमाणे वागत राहिल्या. जगाला बुद्धिवाद शिकवणाऱ्या या माणसानं घरात सक्ती केली नाही. माळकरी घरात राहून देव न मानणाऱ्या तुमच्यासारखीला यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. देव नाही, हे एका वाक्याचं मत आहे. ते बरोबर असलं तरी त्यावर आयुष्य काढता येत नाही. देवळात जाणाऱ्यांची चूक काढण्यात ज्यांचा बुद्धिवाद खर्च होतो, ते म्हातारपणी एकटे आणि कडवट झालेले मी पाहिले आहेत. त्यांच्या उलट टोकाला नट डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची जोडी होती. या दोघांनी महाराष्ट्रभर ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ हा कार्यक्रम केला. लागू व्यासपीठावरून स्पष्ट सांगत की परमेश्वर नाही, त्याला आता निवृत्त करा. दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका वेगळी आहे. देव मानणाराही या कामात येऊ शकतो, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध एवढंच आम्ही मागतो. दोघांचा मतभेद हजारो लोकांसमोर उघडपणे मांडला जाई आणि मैत्री तशीच राही. पण या दोघांची खरी ओळख तेवढ्या वादाची नव्हती. सामाजिक कामासाठी पूर्णवेळ देणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यात दोघांचा हात होता. त्यासाठी लागूंनी निळू फुले, तनुजा अशा कलावंतांसह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. दाभोलकरांनी 1991 मध्ये साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पेशानं डॉक्टर, खेळाडू म्हणून कबड्डीत नाव कमावलेले दाभोलकर साताऱ्यातल्या दवाखान्यातून बाहेर पडले ते असल्या कामांसाठी.

एका वेगळ्या मताची नोंद इथे घ्यायला हवी, कारण ते मोठ्या माणसाचं आहे आणि मला ते सोपेपणानं खोडता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ईश्वर नाकारला, पण धम्म स्वीकारला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांची सुरुवातच देवदेवतांना न मानण्यापासून होते. तरीही माणसांनी आपापली नीती आपापल्या घरी ठरवावी, एवढ्यावर समाज चालेल असं त्यांना वाटत नव्हतं. नीतीला सर्वांनी मिळून पवित्र मानलं पाहिजे, धर्मात देवाची जी जागा असते ती धम्मात नीतीची आहे, अशी त्यांची मांडणी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये येते. लाखो माणसांना त्यातून स्वाभिमान मिळाला, विहार मिळाले, वंदना मिळाली, एकत्र जमण्याचे दिवस मिळाले. देवाशिवाय जगायला एकट्याची बुद्धी पुरत नाही, हा त्यातला भाग मी पूर्णपणे मान्य करतो. त्यासाठी नवा धर्म लागतोच, हे मला पटत नाही. तुम्ही त्यावर स्वतः विचार करा.

आता रात्रीच्या त्या प्रश्नाकडे येऊ. ‘हे सगळं कशासाठी?’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. विश्व कशासाठी आहे, हा पहिला. त्याला उत्तर नाही असं मला वाटतं. तारे कुणासाठी जळत नाहीत. माझा उद्याचा दिवस कशासाठी, हा दुसरा, आणि त्याला उत्तर असतं. पहिल्याचं उत्तर नाही म्हणून दुसऱ्याचंही नाही, असं समजणं ही मोठी चूक आहे, आणि ती आस्तिकही करतात, नास्तिकही करतात. तुमची मुलगी तापानं फणफणली असते तेव्हा तिच्या कपाळावर घड्या ठेवताना विश्वाचा हेतू माहीत असावा लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून विचार करून सापडत नाही, ते कामातून सापडतं. म्हणून तुम्हाला माझं सांगणं अगदी साधं आहे. नोकरी आणि घर यांच्याबाहेरचं एक काम धरा, जिथे तुमची वाट पाहणारी माणसं असतील. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो मोडू नका. सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी पुस्तकं वाचा, वस्तीतल्या मुलींना गणित शिकवा, बचत गटाच्या बायकांना बँकेचे कागद समजावून द्या. हे शेवटचं काम तर तुमच्या हातचं आहे, आणि त्याची गरज किती आहे हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असेल. रक्तपेढी आहे, व्यसनमुक्तीचं काम आहे, डोंगरांवर झाडं लावणारे आणि ती जगवणारे गट आहेत. पहिले काही महिने समाधान वगैरे काही वाटणार नाही, कंटाळाच येईल. आजीलाही पहिल्या वारीत पायाचे फोडच जास्त आठवले असतील. माणसं ओळखीची व्हायला, त्यांची सुखदुःखं आपली व्हायला वर्षं लागतात.

आणि गाणं सोडू नका. देव सुटला म्हणून अभंग सोडण्याचं काही कारण नाही. तुकाराम, जनाबाई ही मराठी माणसाची मिळकत आहे, त्यावर आस्तिकांइतकाच तुमचा हक्क आहे. चार जणींनी बसून मोठ्यानं गाण्यात जे होतं, ते कानाला यंत्र लावून एकटीनं ऐकण्यात होत नाही. वारीत चालावंसं वाटलं तर चाला. वाटेवर वारकऱ्यांना औषधपाणी करणारे, कचरा उचलणारे कितीतरी स्वयंसेवक असतात. त्यांची श्रद्धा कुणी तपासत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. हा रात्रीचा प्रश्न अधूनमधून येत असेल तर तो विचार करणाऱ्या कुठल्याही माणसाचा आहे. पण दोन-तीन आठवडे सलग झोप लागत नसेल, भूक मेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी तत्त्वज्ञान वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

दुःखात कशाला धरायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. श्रीराम लागूंचं नाव वर आलंच आहे. त्यांचा मुलगा तन्वीर रेल्वेनं प्रवास करत असताना बाहेरून कुणीतरी भिरकावलेला दगड लागून जखमी झाला आणि 1994 मध्ये गेला. कारण नाही, हेतू नाही, ओळख नाही. अशा मृत्यूत ‘त्याची इच्छा’ म्हणावं तर ती इच्छा कसली, असा प्रश्न आस्तिकालाही पडेल. लागूंनी यानंतरही आपलं मत बदललं नाही. श्रीराम आणि दीपा लागू यांनी मुलाच्या नावानं रंगभूमीसाठी आयुष्य देणाऱ्या कलावंतांचा सन्मान सुरू केला. दरवर्षी 9 डिसेंबरला नाटकवाली माणसं पुण्यात जमत आणि त्या दिवशी कुणाचं तरी कौतुक होत असे. दुःख त्यामुळे कमी झालं असेल असं मी म्हणणार नाही. ते किती होतं हे त्या दोघांनाच ठाऊक. पण त्याला एक दिवस मिळाला, माणसं मिळाली, करायला काहीतरी मिळालं.

दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. त्यानंतर दर महिन्याच्या 20 तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. गाणी म्हणत, तपासाची मागणी करत, एकमेकांना भेटत. वर्षानुवर्षं हे चाललं. एकाही मंत्राशिवाय तो एक विधीच होता.

याच कारणासाठी मी दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध यांच्याकडे नुसतं कर्मकांड म्हणून पाहत नाही. त्यातला पिंड आणि कावळा तुम्हाला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण शोकातल्या माणसाला घरात एकटं न सोडणं, त्याच्या घरी शिजवलेलं अन्न पोचवणं, वर्षानं पुन्हा सगळ्यांनी जमणं, ही फार शहाणी व्यवस्था आहे. नास्तिक घरांत विधी टाळले जातात आणि त्यांसोबत हे जमणंही टळतं, मग शोक आतल्या आत साचतो. वडिलांचा स्मृतिदिन येईल तेव्हा त्यांचे मित्र, भाऊबंद, शेजारी यांना घरी बोलवा. त्यांच्या आवडीचं जेवण करा. प्रत्येकानं त्यांची एक आठवण सांगावी. तुम्हाला माहीत नसलेले वडील त्या दिवशी तुम्हाला भेटतील. भावंडांना पूजा घालायची असेल तर घालू द्या, तिथेही बसा.

श्रद्धा असलेले आणि नसलेले एका मांडवात कसे बसतात, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, गांधीजींकडे सेवाग्रामला येत असत. त्यांची मुलगी मनोरमा हिचं एका दलित तरुणाशी लग्न आश्रमात करायचं ठरलं. नास्तिकाच्या मुलीनं देवाच्या नावानं शपथ कशी घ्यायची? प्रार्थनेवाचून ज्यांचा दिवस जात नसे त्या गांधीजींनी शपथेतल्या देवाच्या जागी सत्याचं नाव घालायला मान्यता दिली. लग्नाआधीच गांधीजींची हत्या झाली. 13 मार्च 1948 रोजी ते लग्न सेवाग्रामलाच झालं.

आता तुमच्या मुलीबद्दल. सात वर्षांच्या मुलाला मृत्यू समजतो, फक्त गेलेलं माणूस परत येत नाही हे पचायला वेळ लागतो. तिला खरं सांगा. आजोबांचं शरीर खूप आजारी झालं, मग बंद पडलं. आता ते कुठेही नाहीत, त्यांना दुखतही नाही आणि भूकही लागत नाही. ‘झोपलेत’ असं सांगू नका, त्यानं मुलं झोपायलाच घाबरतात. ‘गावाला गेलेत’ असंही नको, ती वाट पाहत बसेल. ‘तारा झालेत’ हे ऐकायला गोड आहे, पण तुम्हाला स्वतःला जे खरं वाटत नाही ते तिला सांगितलंत, तर पुढे तुमच्या बाकीच्या शब्दांवरही ती शंका घेईल. आजोबांचं काय उरलं, हे मात्र भरपूर सांगा. त्यांनी शिकवलेला खेळ, त्यांची म्हण, त्यांच्यासारखी तिची चाल. ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल, तुम्ही तेच उत्तर शांतपणे पुन्हा द्या. तिच्यासमोर रडू आलं तर रडा. नातेवाइकांपैकी कुणी तिला सांगितलं की आजोबा देवाघरी गेले, तर त्यांना खोटं पाडू नका. त्यांना तसं वाटतं, मला तसं वाटत नाही, तू मोठी झालीस की तुझं तू ठरव, एवढं म्हणा. विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायची मोकळीक तुम्हाला मिळाली होती, तशी तिलाही मिळायला हवी.

वाचकांना एक विनंती. देव न मानता आयुष्यातला मोठा आघात ज्यांनी सोसला आहे, त्यांनी आपण कशाच्या आधारानं उभे राहिलो ते या सदरासाठी लिहून पाठवावं. श्रद्धेच्या आधारानं उभे राहिलेल्यांची पत्रंही हवी आहेत. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा, छापलं जाणार नाही.